गोळीमागे एक पेला पाणी

वाळूचं असं असतं, दाराला कडी घालावी तर ती फटीतून येते, नि फट बुजवावी तर उशाशी सापडते. सौदीतल्या हफ्र अल बातिनमधल्या सकिनाच्या घरात दुःखही असंच शिरलं. तिच्या धाकट्या बहिणीचा, जुलेखाचा मुलगा हाशिर अमेरिकेत एका मॉलमध्ये गोळी लागून गेला. मिसरूडही धड फुटलं नव्हतं पोराला.

"इथं आता मारामारीच्या गेमांवर कर लावायचं बोलतायत," जुलेखा तिकडून फोनवर म्हणाली. "गोळी सुटली बंदुकीतून, नि कर खेळण्यावर! हसू की रडू, आपा?"

सकिनाला मात्र ते पटलं. कुणीतरी काहीतरी करतंय ना! तिची लेक तस्नीम असलाच गेम हाशिरसोबत खेळायची, तो तिकडे, ही इकडे. तो गेला तरी ही खेळतच होती. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. पोरगी हातची जाईल या धास्तीनं सकिनाने घरातच कर लावला. रायगडच्या किनाऱ्याला, त्यांच्या गावी, मयताच्या नावानं पाणी पाजायची रीत. "गेममध्ये माणूस मारलास, की त्याच्या नावानं एक पेला भरून खिडकीत ठेवायचा."

"सरकारचा व्हॅट कमी पडत होता का?" तिचा नवरा इसहाक हसला.

पहिल्या दिवशी खिडकी पेल्यांनी भरली. मग पेले घटले. मग एकही दिसेना. गेम मात्र चालूच.

एका दुपारी धुळीचं वादळ उठलं. उजेड हळदीसारखा पिवळा झाला, नि त्या उजेडात सकिना लेकीच्या खोलीत शिरली.

"कर चुकवतेस ना गं?"

"मम्मा, प्लीज. हळू बोल."

पडद्यावर जळकं शहर होतं. पडक्या भिंतीशी एक शिपाई पाठमोरा बसला होता. डोक्यावर नाव तरंगत होतं, हाशिर.

सकिना पडद्याजवळ वाकली. "त्याचं गेमचं मशीन तर पोलिसांनी सील करून नेलंय."

"माहितेय. तरी रोज येतो. बोलत नाही, हलत नाही. नि बाकीचे सगळे त्यालाच मारायला येतात."

"मग तू काय करतेस?"

"तुझा टॅक्स आहे ना, मी मारत नाही. त्याच्यापुढे उभी राहते. गोळी मला लागते."

तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. तेच सकिनाला सोसेना. रोज शेजारच्या खोलीत आपली लेक मरत होती, नि आपण रिकामी खिडकी बघून तिला करबुडवी समजत होतो!

डावीकडच्या धुरातून कुणीतरी बंदूक रोखून आलं. तस्नीम मुकाट पुढे सरकली.

"मार त्याला," सकिना म्हणाली.

"मम्मा, तू सांगतेस?"

"मार गं!"

तो माणूस कोलमडला. सकिनाच्या तोंडून "या अल्लाह" निघालं, त्यात सुटका होती, नि त्या सुटकेचीच तिला भीती वाटली. भिंतीशी बसलेल्यानं सावकाश मान वळवली.

"अजून येतायत," तस्नीम कुजबुजली.

सकिनाने दार आतून लावलं, लेकीला खेटून बसली.

"कुठून?"