सात अंश

काचेवर अंगठ्याचा ठसा होता. प्रकाशाला गोल फिरवणारी, नाण्याएवढी ती क्वार्टर-वेव्ह प्लेट, काळ्या कड्यात बसवलेली, कडेला अंशांच्या बारीक रेघा — आणि लेसरचा किरण जातो त्याच्या जरा खाली तेलकट, वलयावलयांचा ठसा. तिला शिसारी आली. कुणाचा, हे विचारायलाच नको; हातमोजे न घालता यंत्रात हात घालणारे एकटे सर. पंपाच्या तेलाचा खवट वास आज जास्तच येत होता... की सकाळपासून तिलाच सगळं आंबलेलं वाटत होतं, कोण जाणे.

सगळं भांडण सात अंशांचं. आरगॉनच्या अणूवर इतका जबर प्रकाश सोडायचा की इलेक्ट्रॉनला अडवणारी भिंत वाकते आणि तो तिच्यातून निसटतो. प्रकाश सरळ रेषेत डोलणारा असेल तर ते पोर हेलकावे खात परत आपल्याच घरावर येऊन आदळतं. म्हणून प्रकाश गोल, जरासा चपटा गोल, फिरवायचा. मग ते परतत नाही, डिटेक्टरवर जाऊन पडतं, आणि किती कोन सरकून पडलं त्यावरून भिंत ओलांडायला लागलेला वेळ काढायचा. सात अंश! आठ महिने तिनं या सात अंशांना लेकरासारखं जपलं होतं. प्रकाश उलटा फिरवला की ते दुसऱ्या बाजूला जायला हवेत. काल तिनं प्लेट नव्वद अंशांनी वळवून प्रकाश उलटा फिरवला आणि सात अंश जागचे हलले नाहीत. म्हणजे वेळ वगैरे काही नव्हता. डिटेक्टरच तेवढा वाकडा बसला होता.

आणि त्यावरचा शोधलेख आज चारला नियतकालिकाकडे जायचा होता. पहिलं नाव तिचं. पुढच्या तीन वर्षांची नेमणूक त्याच्यावर टांगलेली.

सकाळी तिनं सरांना सांगितलं तेव्हा ते खालचा ओठ जिभेनं ओला करत ऐकत राहिले. तो ओठ... तो चकाकणारा ओठ तिला बघवेना. त्यांनी विचारलं, उलट फेरा याआधी कधी घेतला होतास का? नाही, ती म्हणाली, लगेच. मग त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"एका संध्याकाळच्या मोजमापावर आठ महिने फेकायचे? बघ बाई. नाव तुझं पहिलं आहे. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं! ‘दडपून टाक’ म्हणाले असते तरी चाललं असतं, निदान पाप त्यांच्या माथी गेलं असतं. हे म्हणजे साप मारायचा तिनं, आणि काठीलाही यांनी हात लावायचा नाही. त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना दाराच्या मुठीला हात लावायचीही तिला किळस वाटली. तिनं बाहीनं दार ओढलं.

दुपारी आईचा फोन आला. जेवलीस का, एवढंच आईनं विचारलं, आणि ही जी सुटली ती दहा मिनिटं सरांबद्दलच बोलत राहिली — त्यांचे हात, त्यांचा भित्रेपणा, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"अगं, त्यांच्याशी नीट बोललीस का, की नुसतंच नाक मुरडतेयस?"

तिनं फोन ठेवला. आईचाही राग आला.

मग तिनं नोंदवही काढली. उलट फेरा नको असं सर पहिल्याच महिन्यात म्हणाले असणार, ते कुठेतरी लिहिलेलं असणार, तेच पान त्यांच्या टेबलावर आपटायचं. पानं उलटताना बोटांना कागदाचा दमटपणा चिकटत होता. पहिला महिना, तिसरा आठवडा... आणि निळ्या शाईत, तिरकं, घाईचं: उलट फिरवून पाहिलं. सातच. प्लेट नीट बसली नसावी. नोंद धरू नये.

अक्षर तिचं होतं.

सर त्या आठवड्यात गावाला गेले होते. मी एकटी होते... खोलीत गार होतं, पडद्यावर ते सात अंश पहिल्यांदाच इतके स्वच्छ आले होते, आणि मला वाटलं, आज नको, उद्या बघू — उद्या मी दुसरं काहीतरी बघितलं. मी विसरले होते का? सकाळी नाही म्हणताना मला खरंच आठवत नव्हतं? मग मी इतक्या लगेच नाही कशी म्हणाले?

तिनं सरांचा ओला ओठ आठवून पाहिला. दिवसभर हाताशी असलेली ती मळमळ आता येईना. एका घाबरलेल्या, वय झालेल्या माणसाचा ओठ सुकत होता, इतकंच.

पावणेचारला सर दारात आले. आत आले नाहीत.

"काय ठरवलंस?" त्यांनी विचारलं. "मी सकाळी तुझ्यावर ढकलून मोकळा झालो. ते बरं नाही केलं मी."

तिनं वही मिटली होती, पण बोट त्या पानात तसंच अडकलेलं. त्यांनी माफी मागायला नको होती. सर, थोडे आणखी वाईट वागा ना, असं तिच्या मनात आलं, आणि बोट काढावं की वही उघडावी हे न कळून ती त्यांच्याकडे बघत राहिली — तोंडात दिवसभराची तीच आंबट चव, फक्त आता ती कुणाची, हे तिला ठाऊक होतं.