द्राक्षाचा कागद आणि दुर्बिणीचा आरसा

मित्रांनो, मला कुलूप आहे, पितळी कड्या आहेत, जाड प्लायवूडच्या भिंती आहेत. तरीही जे सांभाळण्यासाठी मला घडवले, ते माझ्याच पोटात खराब झाले. मी एक जुनी पेटी आहे, दुर्बिणीची.

माझा जन्म नाशिकला, म्हसरूळच्या एका गच्चीवर झाला. तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या मल्हारीअण्णांनी दुर्बिणीचा आरसा स्वतः काच घासून घडवला, त्यावर चकचकीत मुलामा चढवून आणला आणि मग मला बनवले. माझ्या आत करडा फोम बसवून त्यात दुर्बिणीचा घाट कोरला. गच्चीवर माणसे जमत, शनीचे कडे पाहून वाहवा करत. अण्णांच्या पत्नी लताबाई मात्र खाली चहात गुंतलेल्या असत. "तुमचा शनी कुठं पळून जातोय? बघेन सवडीनं," असे त्या म्हणत.

अण्णा गेले आणि सवड मिळाली. पण तोवर लताबाईंना काचबिंदू झाला होता. उरलेली नजरही हळूहळू जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "राकेश, दिवाळीनंतर आभाळ निवळलं की मला शनी दाखव. अण्णांच्या आरशातून."

राकेशने मला उघडले. फोम वयाने चिकट झाला होता. बोट लावताच त्याचा भुगा होई. त्याने तो खरवडून काढला, तळ पुसून वाळवला, जुन्या घाटाबरहुकूम नवा फोम कापून बसवला. तो दिंडोरीकडे द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला. तिथे द्राक्षांच्या खोक्यांत घालतात तो गंधकाचा कागदही त्याने माझ्यात ठेवला.

"हे काय रे?"

"आई, याच्या वाफेनं बुरशी धरत नाही. द्राक्षं बोटीतून परदेशात ताजी पोचतात, मग आरशाला काय होतंय?"

"द्राक्षं खाऊन संपतात बाबा. पण तुझं काम, तुला कळतं."

पावसाळाभर मी कपाटात बंद होते. दमट हवेत त्या कागदातून तिखट वाफ निघत राहिली आणि ओलाव्यात मिसळून तिचे आम्ल झाले. आरशाचा मुलामा कणाकणाने खाल्ला जात होता. मला झाकण आहे, वाचा नाही.

दिवाळीनंतर राकेशने दुर्बीण शनीवर रोखली. आत केवळ एक पुसट डाग दिसला. नळी उघडली, तर आरशाला पांढरट चट्टे पडले होते.

"आई, माझ्यामुळं झालं हे."

लताबाईंनी आरशाच्या कडेवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "बरं झालं. एकटीच आंधळी होणार होते, आता सोबत मिळाली."

राकेश हसला नाही.

मुलामा पुन्हा चढवता येतो. आरसा दूरच्या शहरात गेला, रखडला आणि पुढच्या वर्षी लखलखीत होऊन परतला. तोवर लताबाईंना उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. तरी त्या गच्चीवर येऊन बसल्या.

"तू बघ, नि मला सांग."

"कडं आहे, आई. जरा तिरकं."

"किती तिरकं?"

राकेशने त्यांचा हात धरला आणि मनगटातली बांगडी बोटाने तेवढीच कलती केली. लताबाई कितीतरी वेळ हात न हलवता बसून राहिल्या.

मित्रांनो, राकेशची माया कुठेच कमी पडली नव्हती. म्हणून माझे एवढेच मागणे आहे: एखादी वस्तू जपायला घ्याल, तेव्हा तिला काय सोसते हे आधी जाणकाराला विचारा. आणि जे कुणाला दाखवायचे असेल, ते त्याची नजर शाबूत आहे तोवर दाखवा.