बांधावरचं बुटकं स्टूल

किण, किण, किण.

साखर केव्हाच विरघळली होती, तरी सासऱ्यांचा, कार्तोंचा, चमचा चहाच्या पेल्यात फिरतच होता. घरात तेवढाच आवाज. पार्तिनी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर तिची लेक लारास झोपेने जड झालेली. नवरा जुमादी दारात उकिडवा, आणि सासू, जिला सगळं घर सिंबोक म्हणायचं, ती चुलीपाशी पाठमोरी. मधोमध चटईवर तारेचं कोरं करकरीत भेंडोळं पडलं होतं. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं आणि कुणाला दुसरं काही दिसत नव्हतं.

"उद्या बांबूच्या खुंट्या तासतो," सासरे अखेर बोलले. "शेताभोवती तार फिरवायची, घरातनं वीज सोडायची. एका रात्रीत निकाल. भात पोटरीत आलंय. आत्ता जपायचं त्याला, तर आत्ताच उंदीर बुडातून कापतायत. मधोमध टक्कल पडलंय वावराला. बघितलंस ना, जुमादी?"

"बघितलं, बापाक."

"मग?"

पार्तिनीच्या ओठांवर आलं ते तिने गिळलं नाही.

"माझा भाऊ अशाच तारेवर गेला, बापाक."

चमचा थांबला.

सगळ्या गावाला ठाऊक होतं ते. तार त्याची, खुंट्या त्याच्या, बटणही त्याच्याच घरातलं. पहाटे त्याला वाटलं बायकोने बंद केलं असेल, बायकोला वाटलं त्याने केलं. मेलेला उंदीर उचलायला म्हणून तो वाकला तो वाकलाच.

"देव त्याला चांगली जागा देवो," सासरे हळू म्हणाले. "पण मी विसरणारा माणूस नाही."

"तोही नव्हता."

पार्तिनीने लारासच्या केसांवरून हात फिरवला. ही पोर रोज सकाळी उठल्या उठल्या अनवाणी बांधावरून बदकांमागे धावायची. आजोबांची न्याहारी केळीच्या पानात बांधून तीच न्यायची, अर्धी वाटेत सांडून. त्या बांधालगत वीज धावणार, हे पार्तिनीच्या मनात मावतच नव्हतं.

"मग मारा की तुमच्या बंदुकीने!" सासरे उसळले. "हा बघ, साऱ्या कालीजाती गावातला पहिल्या नंबरचा नेमबाज. आणि बसलाय दारात, पाहुण्यासारखा!"

जुमादीने खुंटीकडे पाहिलं. त्याची हवेवर चालणारी छऱ्यांची बंदूक तिथे लटकून होती, पार्तिनीला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून. बायको पोटुशी असली की नवऱ्याने कशाचा जीव घ्यायचा नाही आणि तिनेही नाही. पोटातल्या जिवाला ते लागतं. सिंबोक या बाबतीत इतकी कडक, की घरची कोंबडीसुद्धा शेजारच्या तुकिजोकडून कापून घ्यायची. तो तुकिजो आणि त्याचे दोस्त रात्री शेतात जायचे खरे. पण ते कपाळावर झगझगीत बॅटऱ्या लावून, गप्पा हाणत हिंडत. उंदीर आधी पळत आणि छरे मागाहून चिखलात रुतत.

"यांना चालत नाही," पार्तिनी म्हणाली. "मलाही नाही. पण सिंबोकना कुठे दिवस गेलेत?"

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग जुमादीला ठसका लागला. सिंबोक डाव हातात घेऊन सावकाश वळली.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही मारायचं, सिंबोक. नेम कसा धरायचा ते मी सांगते. मला शिकवलंय यांनी."

"नातवंडं झाली मला! दात पडले! आता बंदूक घेऊन रानोमाळ फिरू? लोक काय म्हणतील, कार्तोची म्हातारी बिघडली?"

"ती कधी धड होती?" सासरे पुटपुटले, आणि तिथेच त्यांचं नशीब फिरलं. सिंबोकने डाव आपटला.

"धड नव्हते काय? बरं. तार गुंडाळून ठेवा. पोनवारच्या बाजारापर्यंत हात लावायचा नाही तिला."

"आणि पोनपर्यंत शेत वाचलं नाही तर?"

"तर तुम्ही आणि तुमची वीज. मी एक शब्द बोलणार नाही."

पार्तिनीने डोळे मिटले. सासूबाई एक शब्द बोलणार नाहीत, हे घडायला काहीतरी भयंकरच व्हावं लागलं असतं.

मग वाद निघाला तो उजेडाचा. बंदूक सिंबोकच्या हातात, मग बॅटरी कुणी धरायची? जुमादीने बंदुकीत हवा भरली, तर ते मारण्यात धरायचं की नाही? सासऱ्यांनी बराच विचार केला.

"हवा ही हवा आहे," त्यांनी निवाडा दिला. "सायकलीत भरतो तीच. आणि उजेड धरणं म्हणजे मारणं नव्हे. चंद्र उजेड धरतो, त्याला कुणी पापी म्हणतं?"

पहिल्या रात्री ते बघण्यासारखंच होतं. पुढे सिंबोक, लुंगी पोटरीपर्यंत खोचलेली. मागे पार्तिनी, बॅटरीवर बिस्किटाच्या पुड्याचा लाल कागद बांधून, कारण लाल उजेडाला ते बिचकत नाहीत असं जुमादीचं म्हणणं. सर्वात मागे स्वतः जुमादी. उंदराला शेतात उंदीर म्हणायचं नाही हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. राजे म्हणायचं. नाव घेतलं की त्यांना ऐकू जातं आणि मग ते डूख धरतात.

"राजे, उजवीकडे," पार्तिनी कुजबुजली.

सिंबोकने बंदूक खांद्याला लावली, दोन्ही डोळे मिटले आणि चाप ओढला. छरा कुठल्या तरी तळ्यात पडला असावा. एक बेडूक गप्प झाला.

"डोळे उघडे ठेव, सिंबोक!" जुमादी मागून फुसफुसला.

"उघडे ठेवले की तो बघतो माझ्याकडे!"

शेजारच्या बांधावरून तुकिजो थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारत खिदळला. "यू, आमचं शेत वाचव हं! या बाजूला नको मारूस!"

घरी परतताना सिंबोकचे गुडघे बोलायला लागले आणि ती बोलायची थांबली. सुनेच्या खांद्यावर हात टेकून तिने सगळी वाट तुडवली. त्या हाताला कंप होता. सकाळी वावरातलं टक्कल आणखी पसरलेलं दिसलं. सासरे ओट्यावर बसून खुंट्या तासायला लागले. सुरीचा तो सरसर आवाज पार्तिनीला दिवसभर पाठीत टोचत राहिला.

दुपारी ती कापडाला मेण लावायला बसली. गावातल्या बऱ्याच बाया सोलो शहरातल्या व्यापाऱ्यांसाठी बाटिकचं काम करायच्या, आणि सिंबोक त्यांच्यात सर्वात जुनी. बांबूच्या घोडीवर कापड टाकलेलं, शेजारी मेणाची कढई, आणि सिंबोक आपल्या बुटक्या स्टुलावर, कोपर गुडघ्यावर टेकवून. तिने तांब्याची नळी मेणात बुडवली, टोकावर हळूच फुंकर मारली, श्वास धरला आणि ठिपका टाकला. पुन्हा बुडव, फुंकर, श्वास, ठिपका. तिळासारखे ठिपके, एकाला एक लागून, एकही फुटलेला नाही की पसरलेला नाही.

चहाचा पेला उचलताना थरथरणारा तोच हात. आणि आता बघा, दगडासारखा.

पार्तिनीच्या नळीतलं मेण गार झालं. ती बघतच राहिली.

"काय गं? पोटात दुखतंय?"

"नाही. सिंबोक, तुम्ही कधी उभं राहून मेण घातलंय?"

"वेडी का काय तू? उभं राहून कुणाला जमेल?"

त्या रात्री पार्तिनीने बॅटरी जुमादीकडे दिली आणि सासूचं स्टूल स्वतःच्या डोक्यावर घेतलं. तुकिजोने लांबूनच ओळखलं.

"अरे, आज शिकारीला निघालात की मेण घालायला?"

"मेण घालायला," पार्तिनी म्हणाली. "तू तुझ्या वाटेनं जा, दादा."

जिथे बांधाला फाटा फुटतो आणि ओल्या मातीवर राजांच्या रोजच्या येण्याजाण्याची गुळगुळीत वाट पडली होती, तिथे तिने स्टूल रोवलं. सिंबोक बसली. कोपर गुडघ्यावर आपोआप गेलं. पार्तिनी तिच्या पाठीशी बसली, बॅटरी परत हातात घेतली, आणि सगळे गप्प झाले. तुकिजोची मंडळी दूर गेली. पाण्याचा वास, भाताच्या ओल्या पात्यांचा गोडसर वास. पोटात बाळ एकदा वळलं आणि स्थिर झालं, जणू त्यालाही सांगितलं होतं कुणी.

मग पात्यांत खसखस झाली. हिंडणाऱ्या माणसांना भिणारे ते, बसून राहिलेल्या म्हातारीला कोण भितो? एक थोराड राजा बांधावर चढला, पुढचे पाय उचलून त्याने तोंड पुसलं. पार्तिनीने लाल उजेड त्याच्यावर अलगद ठेवला.

"नेम नका धरू," ती सासूच्या कानाशी म्हणाली. "ठिपका टाका."

सिंबोकने बंदुकीच्या नळीच्या दिशेने हळूच फुंकर मारली. सवयच ती. श्वास धरला.

टप्.

राजा बसल्या जागी आडवा झाला. पाय झाडले नाहीत, काही नाही. जुमादी काही क्षण हवा भरायचीच विसरला.

"मेला?" सिंबोकने विचारलं.

"ठिपका पडला," पार्तिनी म्हणाली, आणि तिला हसू की रडू ते कळेना.

"मग पुढचा दाखव. मेण गार होतंय."

त्यानंतर थांबणं नव्हतं. फुंकर, श्वास, टप्. जुमादी हवा भरून भरून घामाघूम झाला. एकाच जागी, एकाच वाटेने ते येत राहिले आणि म्हातारी आपल्या स्टुलावरून न हलता ओळीने ठिपके टाकत राहिली. मधेच तिने फक्त एकदा तक्रार केली, की पान खायला कुणी देत नाही. तुकिजो रिकाम्या हाताने परतला तेव्हा बांधावरची रास बघून त्याची बॅटरी एकदम खाली वळली.

"यू... हे सगळे तू?"

"नाही, तुझ्या बापाने," सिंबोक म्हणाली. "उजेड हलव तो. डोळ्यांत येतोय माझ्या."

दुसऱ्या दिवशी मेणाच्या कढईभोवती दुसरा विषयच नव्हता. यू सारिनेम, जिच्या हातच्या ठिपक्यांना सोलोत वेगळा भाव होता, ती म्हणाली, मला काय कमी दिसतं का? दुसरी म्हणाली, माझं शेत नदीकडे, तिथे कोण बसणार? आणि त्या संध्याकाळी कालीजातीतल्या माणसांनी असं काही पाहिलं की ते पोरांच्या पोरांना सांगतील. नातवंडवाल्या म्हाताऱ्या लुंग्या खोचून, पोरांच्या बंदुका घेऊन रांगेने बांधावर चाललेल्या, आणि त्यांच्यामागे त्यांची मुलं, जावई, खुद्द तुकिजोही, डोक्यावर एकेक बुटकं स्टूल घेऊन. फाट्याफाट्यावर एकेक आजी बसली. रात्रभर साऱ्या शिवारात लाल काजवे पेटल्यासारखे उजेड, आणि इथून टप्, तिथून टप्. मधूनच कुठल्या तरी आजीचा आवाज, "सोडू नको गं, तुझ्याकडे आला बघ!" आणि अंधारातून हशा.

पोनच्या बाजाराची सकाळ उजाडली तेव्हा सासरे एकटेच शेतावर गेले. पार्तिनी लांबून बघत होती. ते वाकले, पाण्यात हात घातला, बुडखे चाचपले, टकलाच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारली. नव्याने कापलेलं एकही ताट पाण्यावर तरंगत नव्हतं. टकलाच्या मधोमध जुन्या बुडख्यांतून हिरवे फुटवे वर आले होते, बोटाएवढे. त्यांनी डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं.

घरी येऊन त्यांनी मुकाट्याने भात खाल्ला, तारेचं भेंडोळं सायकलला बांधलं आणि बाजारात गेले. परतले तेव्हा भेंडोळं नव्हतं. पिशवीतून त्यांनी छऱ्यांचे डबे काढले आणि सिंबोकसमोर ओळीने मांडले.

"हे घे. कंजुषी करू नकोस."

"एवढेच?" सिंबोक म्हणाली. "आणि पान?"

त्यांनी खिशातून पानाची पुडी काढली. पार्तिनीने पहिल्यांदाच सासूला लाजताना पाहिलं, आणि हाताआड स्वतःचं हसू लपवायला ती अंगणात पळाली.

तिथे लारास उकिडवी बसली होती. जुमादीने रात्रीची शिकार बांबूला शेपट्यांनी बांधून तळ्यातल्या माशांसाठी आणून ठेवली होती, आणि पोर तोंडात बोट घालून तिच्याकडे बघत होती. पार्तिनी तिच्याशेजारी बसली, तिला जवळ ओढलं, तिच्या पायांना लागलेला ओला चिखल अंगठ्याने पुसू लागली. हे पाय आता कुठेही धावू शकत होते.

"म्बाहने मारले सगळे?" लारासने विचारलं.

"हो. तुझ्या आजीसारखा नेम कुणाचाच नाही."

"बाबांनी नाही मारले?"

"नाही, बाबांनी फक्त हवा भरली."

"आणि तू?"

"मी नुसता उजेड धरला."

लारासने आईच्या पोटावर हात ठेवला आणि मान वर करून विचारलं, "आई, तू उजेड धरला नसतास, तर आजीला ते दिसले असते?"