बारके मासे

प्रयोगशाळेतल्या बाईंनी माशांची भूक आवरणारं जनुक बंद केलं आणि मासे बघता बघता थोराड झाले. दर पिढीत काही बारके निघायचेच. "मेल्यांच्या अंगाला काही लागत नाही," म्हणत बाई नमुना घेऊन त्यांना निकालात काढत.

मग टाकीत साधी बुरशी शिरली आणि थोराड मासे पटापट उलटे तरंगू लागले. तपासणीत दिसलं, त्यांची सगळी ताकद वाढण्यातच खर्ची पडली होती. बारक्यांच्या नमुन्यांत मात्र तीच ताकद रोगाशी झुंजायला राखलेली होती.

"मग बारक्यांपासूनच पैदास करू की," सहकारी म्हणाला. "ठेवलेत ना थोडे?"

बाईंनी बारके उपसायची रिकामी जाळी खुंटीला अडकवली.

"मी कामात कधी कुचराई केली का रे?" त्या म्हणाल्या. "एकसुद्धा सोडला नाही."