ताई बाराशे किलोमीटरवर

"बाराशे किलोमीटर. विमानाने एक तास पन्नास मिनिटं." लेकाने फोनवर बघून सांगितलं आणि परत जेवायला लागला.

गेली चार वर्षं तो हेच सांगतोय. युरोपातल्या एका शहरात मी लेकाकडे, दुसऱ्यात माझी थोरली बहीण तिच्या घरी. आमच्या घराण्याची एक खोडच आहे, जे जवळ असतं तिकडे कुणी फिरकत नाही. समुद्रापलीकडच्या चुलतभावाकडे सगळे दोनदा जाऊन आले. ताईकडे काय, केव्हाही जाता येईल!

आता मात्र 'केव्हाही' चालणार नव्हतं. ताई न्हाणीघरात घसरली. हाड शाबूत राहिलं, पण तिच्या मुलाने सोमवारी तिला वृद्धाश्रमात हलवायचं ठरवून टाकलं. फोनवर ताई गप्प होती. ताई गप्प म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं.

"मी जाते," मी म्हणाले.

"आई, तुझे गुडघे?"

"तेही येतील माझ्याबरोबर."

सून हसली, लेक नाही. "जाऊन तू करणार काय?"

त्याला सांगितलं नाही. मी कपडे दुरुस्त करते. कोपऱ्यावरच्या विमानाच्या तिकीटवालीचा कोट मीच सैल करून दिलाय. तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "जाताना एक, येताना दोन." तिने दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. घरी येऊन शिलाई मशीन ढकलत ढकलत बाहेर टीव्हीपुढे आणून ठेवलं. माझ्या खोलीत दुसरा पलंग मावायला हवा होता. लेकाने तोंड उघडलं. मी नुसतं बघितलं, त्याने मिटलं.

एक तास पन्नास मिनिटं म्हणे! रांगेत बूट काढा, गेट बदललं म्हणून धावा, उतरल्यावर बस शोधा, वर ताईचे तीन जिने. सकाळी निघालेली मी दुपार कलल्यावर पोचले. पण पोचले.

भाच्याने दार उघडलं. मागे खोक्यांत ताईचा संसार बांधलेला.

"मावशी! एकटीच आलीस?"

"का, बँड लावून यायचं होतं?"

ताई खिडकीशी बसली होती, पाय स्टुलावर. मी उभ्या उभ्या फर्मान काढलं, "आवर. उद्या संध्याकाळचं विमान आहे, दोघींचं. माझ्या खोलीत तुझी जागा केलीय."

वाटलं होतं, ती रडेल, गळ्यात पडेल. तिने शांतपणे चष्मा पुसला.

"मला विचारलंस?"

"अगं, मी..."

"याने नाही विचारलं, तूही नाही. मी काय बॅग आहे, याच्याकडून उचलून तुझ्याकडे ठेवायला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी तरातरा आले, आणि भाच्याचंच काम पुढे रेटत होते. पुढच्या खोक्यावर बसले.

"बरं. तुला काय हवंय?"

"माझं घर. न्हाणीघरात धरायला एक दांडा. आणि पाय धड होईपर्यंत तू."

"पण आई, सोमवारी गाडी सांगितलीय," भाचा म्हणाला.

"नको म्हणून कळव त्यांना," मी म्हटलं. "आणि दुकानातून दांडा आण, चांगला मजबूत."

"मावशी, विमानाची तिकिटं?"

"जाऊ दे विमान रिकामं," ताई म्हणाली, आणि वाकून जवळच्या खोक्याची चिकटपट्टी तिने टर्रकन ओढली.