शिळ्या पाण्याची झारी

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. मित्रांनो, आजवर मी फक्त जीवन दिलं. गुलाबाला, तुळशीला, मेथीला, कढीपत्त्याला. कुणाचं वाकडं केलं नाही. एक शेवंती तेवढी मारली, आणि ती घरातली सर्वांत लाडकी होती. ते सोडलं तर माझं चारित्र्य स्वच्छ आहे.

माझा जन्म शहागंजातल्या एका पत्रेवाल्याकडे झाला. त्याआधी मी गोडेतेलाचा डबा होते. त्याने मला कापलं, ठोकलं, चोच बसवली आणि चोचीला बारीक भोकांची चाळणी लावली. मला विकत घ्यायला आलेल्या अंबिकाबाईंनी मला उजेडाकडे धरून भोकं मोजली.

"दोन बुजलीत."

"बाजी, चालीस में दो बंद तो क्या होता?"

"झाडाला कळतं," अंबिकाबाई म्हणाल्या. त्याने खिळा घेतला आणि दोन्ही भोकं मोकळी केली.

बाई शाळेत शास्त्र शिकवायच्या. घरी आल्यावरही शिकवायच्या, पण तिथं विद्यार्थी एकच होता: त्यांचे यजमान मुकुंदराव, कचेरीतून निवृत्त झालेले. श्रावणात बाई गच्चीवर शेवंतीचे शेंडे खुडायच्या. एक खुडला की चार फुटतात. गणपती गेले की खुडणं बंद, कारण मग कळी धरते. नवरात्र संपलं की मेथी-पालकाचं बी, दसरा झाला की गुलाबाची छाटणी, आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं की पाणी सकाळीच. भाद्रपदासाठी नियम एकच. कुंडीत दोन पेरं बोट घालायचं. बोटाला ओली माती चिकटली तर झारीला हात लावायचा नाही. तो महिनाभर मी कोपऱ्यात पालथी पडून असायचे.

खंडेनवमीला कात्री-खुरप्याच्या शेजारी पाटावर मलाही हळदकुंकू मिळायचं. मुकुंदराव हसायचे, "तेलाच्या डब्याची पूजा!"

"तुम्ही पेनाची करता ना? त्याने काय उगवलं?"

यंदा गणपती उठले आणि अंबिकाबाईंनी अंथरूण धरलं. लेक चारुता आईला दवाखान्यासाठी पुण्याला घेऊन गेली. मुकुंदराव मागे राहिले. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्याने येतं आणि ते भरायला घरात माणूस लागतं. गाडीत बसताना बाईच म्हणाल्या, "पाण्याला कुणीतरी हवं. शेवंतीकडे बघा. मी दसऱ्याला येते."

आता आमच्या शहराची एक रीत सांगते. पाण्यासाठी आठ दिवस डोळे लावून बसायचं आणि पाणी आलं की पिंपातलं उरलेलं ओतून टाकायचं. ते शिळं झालं म्हणे. बाई त्या पाण्याने अंगण धुवायच्या. मुकुंदरावांना मात्र पाणी गटाराकडे जाताना बघवेना. त्यांनी सगळं शिळं पाणी माझ्यात भरभरून गच्चीवर नेलं आणि कुंड्यांना घातलं. वरून पाऊस पडत होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मी. शेजारचे बद्रीनाथ खालून ओरडले, "काका, पाऊस चालूए!"

"त्याचं त्याच्यापाशी," मुकुंदराव म्हणाले.

शेवंतीने मान टाकली. मुकुंदरावांना वाटलं, तहानली. त्यांनी आणखी घातलं. ती आणखी वाकली, त्यांनी आणखी घातलं. चाळीसच्या चाळीस भोकांतून मी इमानदारीने ओतत राहिले. आम्हाला थांबता येत नाही.

रोज सकाळी फोन यायचा.

"कळ्या धरल्या का हो?"

"धरल्या की."

"किती?"

मुकुंदरावांनी कुंडीकडे पाहिलं. खालची पानं काळी पडली होती. "अकरा."

दुसऱ्या दिवशी चौदा झाल्या. त्या आठवड्यात कळ्या तीसवर गेल्या आणि झाडावर पानं चार उरली.

"जरा व्हिडिओवर दाखवा ना."

"गच्चीवर रेंज नसते गं," मुकुंदरावांनी गच्चीवरून खणखणीत आवाजात सांगितलं.

नवरात्र बसलं आणि लेंडीखताचं पोतं घेऊन म्हाळसाबाई आल्या. त्यांच्या घरी शेरडं आहेत; दरसाल याच दिवसांत खत आणून देतात. पोतं टेकवून त्यांनी विचारलं, "ताई नाय का?"

"पुण्याला आहे. ही शेवंती बघा बरं. कितीही पाणी घाला, तहान भागत नाही."

म्हाळसाबाईंनी कुंडीत बोट घातलं, बाहेर काढून हुंगलं. "आवं काका, ही तहानली नाय, बुडाली. मुळं सडली."

"मग मान का टाकली?"

"बुडालेलं बी मान टाकतंय. ताईनं बोट घालून बघाया सांगितलं नव्हतं व्हय?"

"सांगितलं होतं."

म्हाळसाबाईंनी बोट पदराला पुसलं. "जाऊ द्या. आपल्याकडं पाणी हातात असलं की घालावंच वाटतंय."

त्या गेल्यावर मुकुंदरावांनी कुंडीत बोट घातलं आणि ते बराच वेळ तसेच बसले. मग चारुताला फोन केला. "गुरुवारी पाणी भरतो आणि निघतो. आईला काही सांगू नकोस. मला समोर बसून सांगायचंय."

गुरुवारी पाणी आलं नाही. पाळी एक दिवस पुढे गेली. मुकुंदराव थांबले. शुक्रवारी सकाळी नळ आला, पहिलं पिंप भरलं, दुसऱ्यात नळी सोडली आणि चारुताचा फोन आला. ते पायरीवर बसले. पिंप भरलं, वाहू लागलं, अंगणातून गटारात गेलं. नळी बंद करायला कुणी उठलं नाही.

बाई तीस कळ्या मनात घेऊन गेल्या.

मित्रांनो, मी पत्र्याची आहे, मला शहाणपण शिकवायचा अधिकार नाही. तरी एवढं ऐका. मान टाकलेलं प्रत्येक झाड तहानलेलं नसतं. आधी बोट घाला, मग झारी उचला. आणि कुणाला काही समोर बसून सांगायचं असेल, तर पिंप भरायची वाट बघू नका.

दुपारी चारुताने आईला घरी आणलं. बद्रीनाथ औरंगपुऱ्यातून हार घेऊन आले. सगळे शेवंतीचे होते. झेंडू फुलवाल्याने दसऱ्यासाठी राखून ठेवला होता.