अकरा फुटांची वजाबाकी

गटार तुंबलं की काही माणसं फोनवर हळू बोलतात, जणू त्यांच्याच हातून काही पाप घडलंय. काही जण असं बोलतात की आम्हीच येऊन पाइपात बोळा कोंबून गेलो. त्या दोन जावांतली धाकटी दुसऱ्या जातकुळीतली.

"काकू, चार महिनेसुद्धा झाले नाहीत. झाड पाडलं ना? मग आता काय तुंबलंय?"

"आम्ही येऊन बघतो," मी म्हटलं.

"कधी येता?"

"हातातलं संपलं की."

हातातलं म्हणजे त्या दिवसातलं तिसरं घर. अजून दोन बाकी होती, त्यांच्याआधी हे चौथं घुसलं. आमच्या ह्यांनी चेंबरमधून मान वर न काढताच विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "दोन जावा." त्यांनी नुसताच सुस्कारा सोडला.

आमचे हे घराघरांतल्या सांडपाण्याच्या पाइपांतून झाडांची मुळं काढतात. बावीस वर्षं मी त्यांच्याबरोबर जाते. पाइपाच्या सांध्याला केसाएवढी फट असली की मूळ आत शिरतं, आणि आतल्या सुबत्तेत असं फोफावतं की वर्षभरात पाइपात गादी भरल्यासारखं होतं. मग आम्ही. मोटरवर फिरणारी लांब लोखंडी केबल, तिच्या टोकाला मुळं कापणारं पातं. हे चेंबरशी बसून दोन्ही हातांनी केबल आत सारतात. मी मोटरचं बटण आणि वही सांभाळते. वहीत तारीख, घर, किती फुटांवर मूळ लागलं, झाड कुठलं, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना माझा खासगी. 'प्यायला पाणी मागून घ्यावं लागलं.' 'कागदी कपात चहा, कप जाताना घेऊन जा म्हणाल्या.' 'साहेब स्वतः वाकून बघत होते, उलटी झाली.' माणसाची परीक्षा करायची तर त्याचं गटार तुंबलेलं असताना करावी, असं माझं मत आहे.

केबलवर दर पाच फुटांना लाल पट्टी आहे, मधले फूट हे हाताने मोजतात. पातं अडकलं की हे आकडा ओरडतात. पण तो आकडा खोटा असतो. तीन वर्षांपूर्वी एका जुन्या लाइनीत केबलचं पुढचं टोक तुटून राहिलं, अकरा फूट. उरलेल्या केबलला पातं बसवलं आणि काम पुढे चालू. पट्ट्या मात्र जुन्याच. नव्याने मारू म्हणून रंगाचा डबा आणला, तो माळ्यावर दगड होऊन बसला. हे आकडा ओरडणार, मी त्यातून अकरा वजा करून लिहिणार, अशी वहिवाट पडून गेली. कधी चुकली नाही. उलट अचूक जागा सांगतात म्हणून लोकांनी ह्यांचं नावच 'फूटपट्टी' पाडलं.

आता त्या जावांचं. अंगण एक, गटाराची लाइन एक, दारं दोन. थोरली साठीची, एकटी. आल्टरेशन करते: पँट आखूड करणं, चेन बसवणं, उसवलेलं शिवणं. तिच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो, म्हणून शिलाई मशीन बाहेर तिच्या तुतीच्या झाडाखाली असायचं. गिऱ्हाइकं पिशव्या फांदीला अडकवून जायची. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला धाकटीचा गुलमोहर, त्याच्या सावलीत तिच्या नवऱ्याची गाडी. चार महिन्यांपूर्वी वर्षातून तिसऱ्यांदा तुंबलं तेव्हा धाकटी म्हणाली, "दर वेळी मुळं कापून जाता, ती पुन्हा येतात. एकदाचं सांगा, ह्या झाडाची की त्या? जे असेल ते पाडू."

ह्यांनी सांगितलं, तेहेतीस फूट. टेप धरून मोजलं, तर तुतीच्या बुंध्याशी.

थोरलीने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "मोजून सांगताय ना दादा?"

"मोजूनच," हे म्हणाले.

आठवड्याने तुती पडली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार अंगावर येत होती. बुंध्याशेजारी दोन बांबूंना निळी ताडपत्री बांधलेली, तिच्याखाली मशीनवर थोरली. ताडपत्रीखाली उजेड होता पण तोही निळा, आणि उकाडा असा की तिने मानेला ओला पंचा गुंडाळला होता. आम्हाला बघून ती उठली आणि आम्ही सांगायच्या आत स्वतःच चेंबरचं झाकण सरकवायला वाकली.

"अहो ताई, राहू द्या."

"असू दे. आमच्याच झाडाचा पराक्रम."

धाकटी दारातून म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलं होतं वहिनींना, मुळासकट काढा म्हणून. नुसतं वरून छाटलं. फुटवे आले असणार."

"काढते गं," थोरली म्हणाली.

ही थोरली आमच्या ओळखीची नव्हती. पूर्वी धाकटीने एक म्हटलं की ही दोन ऐकवायची. आता बघितलं तर कपड्यांची दोरी धाकटीच्या बाजूला सरकलेली, पुढचा नळ धाकटीचा झालेला, आणि अंगण थोरली एकटी झाडत होती, कारण तिच्या झाडाने सगळ्यांना त्रास दिला होता. घराघरांत असे हिशेब मांडलेले असतात. ते कागदावर नसतात, म्हणूनच फिटत नाहीत.

ह्यांनी हातमोजे चढवले. खांदा धरून एकदा 'आई गं' म्हणाले, तेही कंटाळलेल्या आवाजात, आणि केबल आत सोडली. मी बटण दाबलं.

तुतीच्या जागेवरून पातं सरसर पुढे गेलं. एवढं कापलेलं मूळ असेल तर त्याचा खुंट तरी हाताला खरखरायला हवा. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. केबल पुढे गेली, आणि मग मोटर कण्हायला लागली.

"पंचावन्न!" हे ओरडले.

मी लिहिलं, चव्वेचाळीस. आणि मागचं पान उलटलं. तेहेतीस. पण अक्षर माझं नव्हतं. वाकडंतिकडं, डाव्या हाताने लिहिलेलं.

मग आठवलं. त्या दिवशी ह्यांच्या उजव्या हाताला पाच टाके होते. केबल मी सारली होती. वही ह्यांच्या मांडीवर होती.

"अहो, बंद करते."

"अडकलंय का?"

"इकडे या. त्या दिवशी मी किती ओरडले होते?"

"कुठल्या दिवशी?"

"तुती पाडायला सांगितली त्या दिवशी."

हे वहीकडे बघत राहिले. "चव्वेचाळीस. मग अकरा वजा. तेहेतीस. हे काय, लिहिलंय ना."

"पट्टी पंचावन्नची होती. मी वजा करूनच ओरडले."

"तू कशाला वजा केलंस? वजा वहीवाला करतो."

"वही रोज माझ्याच हातात असते! सवय कुठे जाते?"

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारायचं नाही का?"

ही अशी गत. आम्ही दोघांनीही आपापलं काम चोख केलं. एकाने जरी आळस केला असता तरी तुती उभी राहिली असती. बावीस वर्षांच्या संसारात बाकी किती गोष्टी दोघांनीही एकमेकांवर सोडून दिल्या, त्यांची मोजदाद नाही, आणि ही एक तेवढी दोघांनी केली.

हे चेंबरच्या काठावर बसले. हातमोज्यांतून काळं पाणी गळत होतं.

"त्या दिवशी मुळं तर कापली होती," ते हळूच म्हणाले. "गुलमोहराची. म्हणून चार महिने चाललं. सगळ्यांना वाटलं, झाड पाडल्याचा गुण."

"हो."

"आताही कापू. निघू. ती म्हणतेय फुटवे आले, म्हणू दे."

"आणि थोरली?"

"सांगून झाड उभं राहणार आहे का?"

मला त्यांचा राग आला नाही, हे लिहायला लाज वाटते. पुढे दोन घरं होती, खांदा ठणकत होता, आणि खरं बोलायचं म्हणजे त्यानंतर जे जे होईल ते उभं राहून ऐकायचं. तेवढं त्राण माझ्याही अंगात नव्हतं. फूटपट्टी ह्या नावावर आमची चूल पेटते, हेही मनात आलं. आलं तर आलं.

तेवढ्यात थोरली पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"दादा, तुमच्या ओळखीचा कुणी खोदणारा आहे का? बुंधा काढून घ्यायचाय. मी रोज थोडं थोडं खोदते, पण माझ्याच्याने होईना."

"तुम्ही खोदता? कशाने?"

"आहे एक जुना सराटा, भाकरी उलटायचा."

तिने तांब्या पुढे केला. तळहाताला फोड आलेले, दोन फुटलेले. अंगठ्याला चिंधी बांधलेली. सुई धरणारा अंगठा.

हे उठून उभे राहिले. मला वाटलं पाणी घेतील.

"ताई, बुंधा खोदू नका," ते म्हणाले. "तुमच्या झाडाचं मूळ पाइपात नव्हतंच."

थोरलीला आधी कळलं नाही. "आता नाही ना?"

"कधीच नव्हतं. आमचं मोजमाप चुकलं. अकरा फूट. दोघांनी दोनदा वजा केले." आणि त्यांनी केबल तुटल्यापासून सगळं सांगितलं, न थांबता, माझं नाव वेगळं न काढता.

तिने तांब्या खाली ठेवला. ती ह्यांच्याकडे नाही, केबलकडे बघत होती.

"हिला बोलवा," ती म्हणाली. "आणि मला सांगितलंत ते सगळं पहिल्यापासून तिच्यासमोर सांगा."

धाकटी आली. ह्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज आणखी खाली गेला.

"वा," धाकटी म्हणाली. "म्हणजे आता माझं झाड पाडा म्हणणार. तेव्हा चुकलात, आज बरोबर कशावरून?"

प्रश्न रास्त होता. ह्यांनी केबल सगळी बाहेर ओढून काढली, पंचावन्नची पट्टी चेंबरच्या तोंडाशी मला पायाखाली धरायला लावली, आणि पात्याकडची केबल हाताने ताणत पाइपाच्या रेषेवरून अंगणभर पसरत गेले. बुंधा मागे पडला. दोरी मागे पडली. गाडीच्या मागच्या चाकापाशी केबल संपली. पातं गुलमोहराच्या मुळाशी पडलं, त्याला मुळांची काळी केसाळ शेपटी चिकटलेली.

धाकटीने त्या शेपटीकडे बघितलं, मग वर झाडाकडे.

"एवढं मोठं झाड," ती म्हणाली. "गाडी तापेल. आमची खोली तापेल. वहिनी, तुम्हीच सांगा आता..."

"पाडायचं कोण म्हणतंय?"

"नाही, म्हणजे..."

"अजिबात पाडायचं नाही," थोरली म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज पूर्वीसारखा आला. "राहू दे की. छान सावली आहे. गाडी काढ."

"कुठे लावू?"

"माझ्या ताडपत्रीखाली लाव. जागा आहे."

धाकटी किल्ली आणायला आत गेली. बाहेर आली तेव्हा थोरली शिलाई मशीनपाशी उभी होती.

"गाडी मग. आधी त्या बाजूने धर. जड आहे. खालून धर गं, टेबल निखळतं."

मी पुढे झाले. थोरलीने मानेनेच थांबवलं.

"तुम्ही नको."

दोघी जावा मशीन घेऊन अंगणातून गुलमोहराकडे तिरक्या तिरक्या चालत गेल्या. मध्ये एकदा टेकवलं, पुन्हा उचललं. आम्ही वळून कामाला लागलो. केबल आत, मोटर चालू. अर्ध्या तासात मुळांचा गोळा बाहेर आला, चांगला दोन हात लांब. पाणी भडाभडा वाहून गेलं. लाइन मोकळी झाली की एरवी हे मला "झालं गं" म्हणतात. आज म्हणाले नाहीत.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. तसलं काही झालं नाही. उलट खांदे आणखी जड वाटायला लागले.

आजच्या कामाचं काही घेणार नाही, असं मी थोरलीला सांगायला गेले.

"नकाच घेऊ," ती म्हणाली. सुईत दोरा ओवत होती, फोडांमुळे जमत नव्हतं. मी हात पुढे करणार होते, केला नाही. "आणि पुढच्या वेळी आम्ही दुसरं कुणी बोलावू. मला राग आलाय. मनात ठेवून गोड बोलण्यापेक्षा सांगितलेलं बरं."

"हो," मी म्हटलं.

"दादांना सांगा, सांगितलंत ते ऐकलं मी. तेवढंच."

आमची हातगाडी फाटकापाशी अडली, कारण धाकटी गाडी मागेपुढे करत होती. ताडपत्री कमी पडत होती. पुढचं नाक झाकलं की मागचं ढुंगण उन्हात. हे हातगाडीचा दांडा धरून उभे होते, डोळे अर्धे मिटलेले. पुढचं घर वीस मिनिटांवर, त्यानंतर आणखी एक.

हातावर पँट टाकून एक माणूस फाटकातून आत आला. सवयीने बुंध्याकडे गेला. तिथे गाडी बघून गोंधळला, ताडपत्रीखाली वाकून बघितलं, गाडीच्या काचेतही डोकावला.

"तिथे काय शोधताय?" पलीकडून थोरली ओरडली. "इकडे या, सावलीत."